पुराची बॅग भरून ठेवणे अभद्र कसे?

पावसाळा तोंडावर आला आहे, तेव्हा प्रत्येक घराने गरजेच्या वस्तूंची एक बॅग भरून दाराजवळ ठेवावी, एवढेच आज मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले. त्यावर एका सुशिक्षित गृहस्थांचे उत्तर आले, "असले अभद्र बोलू नये." लगेच चार जणांनी त्याखाली हात जोडले.

आणि हे सांगलीत! ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि ती ५७ फुटांच्याही वर गेली, हे पाहिलेली माणसे असे बोलतात, याचा मला मनस्वी संताप आला आहे.

त्या महापुरात आमच्या शेजारच्या काका-काकूंना बोटीतून बाहेर काढले. काकूंनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधून घेतला, घराचे खरेदीखत घेतले, गॅसचे पुस्तकसुद्धा घेतले. निवारा केंद्रात डॉक्टरांनी विचारले, "काकांना कोणत्या गोळ्या चालू आहेत?" काकू म्हणाल्या, "सकाळी एक पांढरी आणि रात्री अर्धी गुलाबी." डॉक्टरांची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलेली होती आणि फ्रिज पाण्याखाली होता. पुण्यातल्या मुलाला विचारावे, तर मोबाइल बंद पडलेला आणि त्याचा नंबर दोघांनाही पाठ नव्हता.

म्हणून माझ्या मते बॅगेत सर्वांत आधी जायला हवा तो कागद. गोळ्यांची नावे, प्रमाण, वेळा आणि नातेवाइकांचे नंबर स्वच्छ अक्षरांत लिहून तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा. सोबत आठवडाभर पुरतील एवढी औषधे, जुना चष्मा, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, ओआरएस, क्लोरिनच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, कोरडा खाऊ आणि सुट्ट्या नोटा ठेवाव्यात. वीज गेल्यावर एटीएम आणि यूपीआय दोन्ही निरुपयोगी ठरतात. शिवाय २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गच बंद झाला होता. "औषधे काय, दुकानात मिळतील" असे म्हणणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत.

बॅगेने घर वाचत नाही, हे मान्य. अलमट्टी आणि कोयना धरणांतून सोडलेल्या पाण्याचा जाबही सरकारला विचारलाच पाहिजे. पण तो वाद सुटेपर्यंत काकांनी गोळीविना राहायचे काय?

पुराची निदान आधी चाहूल लागते. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली असताना धरणी हादरली. तिथे कपाट उघडायलाही उसंत नव्हती. बॅग माळ्यावर न ठेवता दाराशी ठेवा, असे मी म्हणते ते यासाठीच.

एवढे लिहिल्यावर राग थोडा निवळला आहे. त्या गृहस्थांच्या घरीही वृद्ध आई आहेत, आणि कदाचित त्या भीतीपोटीच ते तसे बोलले असतील. संकटाचे नाव काढले की ते घरात येते, असे वाटणारी प्रेमळ माणसे माझ्याही माहेरी आहेत. पण काकू त्या खोलीत "पांढरी, लहान, मध्ये रेघ असलेली" असे पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि शेवटी रडू लागल्या. घरातल्या कोणत्याही बाईवर ती वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

येत्या रविवारी सकाळी मी घरीच आहे. ज्यांना लिहिताना दिसत नाही किंवा ज्यांची मुले परगावी आहेत, त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन यावे. मी कागद लिहून, झेरॉक्स काढून, पिशवीत घालून देईन. त्या गृहस्थांच्या आईंसाठी मी स्वतः त्यांच्या घरी जाईन.