वारली चित्रात आगगाडी चालेल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आजच्या वारली चित्रकारांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, की आगगाड्या, टॉवर, कारखाने आले की ती वारली राहत नाही. तो शहरी गिऱ्हाइकासाठी काढलेला माल आहे आणि मी त्याला संस्कृती म्हणून डोक्यावर घेतेय. रोखठोक लिहिलंत, बरं झालं. मीही आडपडदा ठेवत नाही.

डहाणूवरून रेल्वे धावू लागली त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. तिथल्या माणसानं बैलगाडी काढली तर अस्सल आणि लोकल काढली तर भेसळ, हा कुठला न्याय? डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी मासेमारीचं जाळं, भातशेती, मुंग्या काढल्या, कारण ते त्यांच्या रोजच्या बघण्यातलं होतं. आज त्याच तालुक्यात वाढवण बंदराचं काम निघालंय. ते चित्रात येऊ नये म्हणून चित्रकारानं डोळे मिटून बसायचं का?

जामिनी रॉय यांचं उदाहरण घ्या. कलकत्त्याच्या आर्ट स्कूलमध्ये पाश्चात्त्य पद्धतीचं शिक्षण घेऊन ते पुढे बंगालच्या पटचित्रांकडे, म्हणजे तिथल्या लोकचित्रांकडे वळले. त्यांना आपण आधुनिक म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. पण शिकलेला चित्रकार गावाकडून काही घेतो तेव्हा तो प्रयोगशील, आणि आदिवासी चित्रकार शहरातलं काही घेतो तेव्हा तो बाटलेला! गिऱ्हाइकाचं म्हणाल तर रविवर्म्यानं बडोद्याच्या महाराजांसाठी चित्रं काढलीच की.

माल बघायचाय ना? कुठल्याही प्रदर्शनात कुर्त्या, कप, उशांचे अभ्रे चाळा. तांबडी पार्श्वभूमी, मध्ये तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचं तेच ते रिंगण. चित्रकाराचं नाव बहुतेकदा नसतंच. आणि गंमत म्हणजे त्यात आगगाडी औषधालाही सापडत नाही. तुमच्या कसोटीवर तो कप शंभर टक्के शुद्ध ठरतो.

उलट वारली चित्रकार राजेश वांगड यांचं काम बघा. छायाचित्रकार गौरी गिल यांनी गंजाड परिसरात काढलेल्या कृष्णधवल फोटोंवर वांगड शाईनं चित्रं काढतात. फोटोत नुसतं माळरान आणि आभाळ. जवळ गेलं की मुंगीएवढी माणसं दिसायला लागतात, झाडं, देव, दुष्काळ, कारखाने. कॅमेऱ्याला जे दिसलं नाही ते त्या जागेवर राहणाऱ्यानं भरलंय. याला वारली म्हणायचं नसेल तर नका म्हणू, पण हे काम कपावर छापून खपणारं नाही, एवढं तरी मान्य करा.

परंपरा मोडल्याची तक्रार करायचीच तर ती वेगळ्या जागी करा, मी तुमच्याबरोबर सही करते. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, लिहायच्या सवासिनी. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, मधोमध सुफलतेची पालघाट देवी, आत चंद्र-सूर्य, फणी, शिडी, भोवती नक्षीचे पट्टे. आणि लग्न लावायची तीही धवलेरी, म्हणजे बाईच. 1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या पाड्यांवर कागद आणि रंग नेले, आणि नाव झालं ते जिव्या मशे यांचं. त्यांच्या प्रतिभेबद्दल वादच नाही. 2011 साली पद्मश्री मिळाली तीही रास्तच. पण याच कुलकर्ण्यांनी त्याआधी, 1960च्या दशकातल्या दुष्काळात, बिहारमधल्या मिथिलेत भिंतींवर मधुबनी चित्रं काढणाऱ्या बायकांना कागद दिले होते. तिथून जगदंबा देवी, सीता देवी अशा बायकांची नावं देशभर गेली. माणूस तोच, युक्ती तीच. मग डहाणूत चौक लिहिणाऱ्या बायका गॅलरीपर्यंत का पोचल्या नाहीत? कागद पुरुषांच्या हातात गेला म्हणून? शहरात जाऊन सौदा करणं त्यांनाच शक्य होतं म्हणून? की घेणाऱ्यांनी बायकांना विचारलंच नाही?

तुम्हाला आगगाडी खुपली, मला हे खुपतं. यावर तुमचं म्हणणं लिहा, कितीही लांब असलं तरी छापेन.