समाजविघातक पोरं मोजायची प्रश्नावली: झटपट कृती

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये 'प्रश्नावली विकसित करून प्रमाणित करणे' असं ठोकून बसलात आणि आता गाइड रोज फोन करतोय? टेन्शन घेऊ नका. मागच्या आठवड्यात आमच्या ज्युनियर कॉलेजात (अमळनेरच्या बाजूला, एवढं पुरे) एक संशोधक बाई बारावीच्या वर्गावर अशी प्रश्नावली चालवून गेल्या, त्यातून जे शिकलो ते फुकटात देतो.

परदेशी स्केल उचला आणि सरळ मराठीत ओता. मराठीचं परत इंग्रजी करून मूळाशी ताडून बघतात, ते रिकामटेकड्यांचे धंदे. वाक्य असं पाहिजे, "मला इतरांच्या भावनांची पर्वा नसते असे मला वाटत नाही." पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, पाच गोल. सहमत म्हणजे पोरगं चांगलं का वाईट, हे तुमचं तुम्हालाही कळता कामा नये. मागच्या बाकावरून आवाज आलाच, "मॅडम, याना अर्थ काय शे?" तर उत्तर ठरलेलं, मनात येईल ते टिक कर.

तज्ज्ञांकडून प्रश्न तपासून घ्यायचे असतात, कोणता आवश्यक, कोणता नाही. लॉशे नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये त्याचं गणितच मांडून ठेवलंय. तुम्ही चहाच्या टपरीवर तीन सह्या घ्या.

अल्फा वाढवायचाय? क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, 1951 पासून सगळ्यांचा लाडका, 0.70 आला की लोक खूश. तुम्ही 0.95 काढा. "मी भांडतो", "मी भांडण करतो", "माझी भांडणं होतात" असा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारा, आकडा आपोआप फुगतो. त्यातून नेमकं काय मोजलं गेलं हे कोण विचारतंय!

पुन्हा तीच चाचणी काही आठवड्यांनी? सुट्ट्या लागतात हो तेव्हा.

घटक विश्लेषण, म्हणजे कोणते प्रश्न एका गटात बसतात ते शोधायचं गणित, एकाच डेटावर दोनदा चालवा. ज्या पोरांवरून घटक काढले त्याच पोरांवर ते सिद्ध करा, बसतातच.

आता मुख्य मसाला. डीएसएम, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, त्यातले वर्तनविकाराचे निकष घ्या आणि अर्धं वाक्य कापा. तिथे लिहिलंय की आईवडिलांनी मनाई करूनही, वयाच्या तेराव्या वर्षाआधीपासून, वारंवार रात्री बाहेर राहणं. तुम्ही फक्त लिहा, "मी अनेकदा रात्री घराबाहेर असतो." आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला असली की काय होतं माहितीय का? बाप झोपेतून उठवतो, पोरगं बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला निघतं, पहाटेपर्यंत मक्याला पाणी भरतं, वरून बिबट्याची भीती, त्यात डीपी उडाली की झालंच, आणि सकाळी पहिल्या तासाला डोळे लाल करून बसतं. त्याने खरं ते टिक केलं, पूर्ण सहमत! "मी कॉलेज बुडवतो"? बुडवतोच ना, कापूस वेचायला मजूर मिळत नाही तर घरचंच माणूस जाणार. "मी हाणामारीत भाग घेतला आहे"? मोटरीची केबल चोरणाऱ्याला पकडल्यावर काय आरती ओवाळायची? असे तीन गोल काळे झाले आणि पोराच्या नावापुढे लाल शेरा, 'उच्च जोखीम'. ज्याने सगळीकडे छान छान टिक केलं तो वर्गातला सगळ्यात साधुपुरुष ठरला; तो कोण ते आम्हा सगळ्यांना माहितीय. छान दिसायला खोटं लिहिणारे ओळखायचे प्रश्न असतात म्हणे, पण त्याने फॉर्म लांबतो.

संमतीपत्र? नंतर भरून घ्या.

शेवटची टिप, निकाल नावासकट स्टाफच्या ग्रुपवर टाका.

हे टाकलं त्यांनी. खरंच टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी एका सरांनी हजेरी घेताना त्या पोराला "काय रे डॉन" म्हटलं.

बास झालं आता. मनोविकृत (सायकोपॅथ) माणूस ओळखायची हेअर या मानसशास्त्रज्ञाची यादी 20 मुद्द्यांची, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2, एकूण 40. ती भरायला प्रशिक्षित माणूस लागतो, तो सविस्तर मुलाखत घेतो, जुनी कागदपत्रं तपासतो, तेव्हा कुठे आकडा लिहितो. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान 18 वर्षांखाली करतच नाहीत, आणि तेही पंधराव्या वर्षाआधी वर्तनविकाराची लक्षणं होती का ते बघून. तुम्ही सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना अर्ध्या तासाच्या झेरॉक्सवर शिक्का मारलात. लाज वाटू द्या जरा! आधी ती यादी ग्रुपवरून डिलीट करा, ज्यांनी पुढे फॉरवर्ड केली त्यांनाही करायला लावा, पोरांची नावं कागदावरून खोडा, आणि त्या सरांना सांगा वर्गासमोर त्या पोराची माफी मागायला. पीएचडी गेली खड्ड्यात.