चंद्र सापडतो, शिंजीर सापडत नाही

सुपरझूम कॅमेरा (लेन्स न बदलता फार दूरचं जवळ ओढणारा) खपवायचा असला की दुकानदार चंद्र दाखवतो. स्क्रीनवर खड्डे न् खड्डे. गिऱ्हाईक तिथेच गार. चंद्राइतकं गुणी मॉडेल दुसरं नाही, हे मीही मान्य करतो. काळ्या पडद्यापुढे एकटा बसतो, फांदीआड जात नाही आणि मुख्य म्हणजे भर उन्हात असतो. रात्र आपल्याकडे असते, त्याच्याकडे नव्हे. शिंजीर, म्हणजे फुलांवर भिरभिरणारा तो चिमुकला पक्षी, यातलं काहीही करत नाही.

म्हणून ‘पक्ष्यांसाठी सुपरझूम घेऊ का?’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘कुठला पक्षी आणि किती वाजता?’ समोरच्याला वाटतं, हा टाळतोय. वास्तविक निकाल तेवढ्यातच लागतो.

पहिला घोळ बॉडीवर ठसठशीत छापलेल्या आकड्याचा. ‘एक्स’ म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसेल ते नव्हे. झूमच्या लांब टोकाच्या फोकल लेंग्थला (मिलिमीटर जास्त तितकं दूरचं जवळ) आखूड टोकाच्या फोकल लेंग्थने भागायचं, बस्स. निकॉन पी९०० चं झूम २४ ते २००० मिलिमीटर, म्हणून ८३ एक्स. पी१००० चं ३००० पर्यंत, म्हणून १२५. कॅनन एसएक्स७० चं २१ ते १३६५, म्हणून ६५. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ बिचारा २४ ते ६००, म्हणजे जेमतेम २५. हे ऐकून गिऱ्हाईक नाक मुरडतं, आणि या चौघांत पक्ष्यांसाठी सगळ्यात कामाचा नेमका तोच.

कारण हे सगळे आकडे ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबातले. पी९०० च्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ ३५७ मिलिमीटरच आहे. बाकीचं कर्तृत्व बारक्या सेन्सरचं. तो सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, तुरीच्या दाण्याएवढा. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या तीसपट. सोनीचा एक इंची सेन्सर (जो कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही) याच्या चौपट, वर पूर्ण झूमला एफ ४ ची लेन्स (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). पक्ष्याच्या पिसांना पट नको असतात, उजेड हवा असतो.

उजेडाचा हिशोब तोंडी होतो. लख्ख ऊन, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो बिघडतो) १००, पूर्ण झूमला एफ ६.५: शटर मिळतं साधारण १/६०० सेकंदाचं. तारेवर बसलेल्या वेड्या राघूला तेवढं पुरतं आणि फोटो झकास येतो, अगदी चोचीतल्या माशीच्या पंखांसकट. तोच राघू सावलीत गेला की उजेड तीन स्टॉप उतरतो, म्हणजे तीनदा निम्मा होऊन आठवा हिस्सा उरतो. शटर तेच ठेवायचं तर आयएसओ ८०० करावा लागतो. इथवर ओढूनताणून चालतं. स्वर्गीय नर्तक मात्र कर्नाळ्याच्या गच्च झाडीत बसणार आणि तेही सकाळी सातला. आणखी तीन स्टॉप गेले, आयएसओ ६४००. त्या आकड्याला कॅमेरा पिसं पुसून टाकतो आणि जलरंगातलं काहीतरी हातात देतो. शेपूट लांब आहे म्हणून ओळख पटते इतकंच. ‘पण याचं स्टॅबिलायझेशन फार भारी आहे’ असं कोणीतरी म्हणतंच. भारी आहेच. ते आपला हात स्थिर करतं, पक्ष्याची मान नव्हे.

खरी परवड उजेडाचीही नाही, सापडण्याची आहे. २००० मिलिमीटरला, दहा मीटरवर, फ्रेमची रुंदी भरते जेमतेम सतरा सेंटीमीटर. म्हणजे शिंजीर डोळ्यांना स्वच्छ दिसतोय, बायकोला दिसतोय, वॉचमनला दिसतोय, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये फक्त पानं. मग माणूस पूर्ण झूममध्येच कॅमेरा डावी-उजवीकडे हलवत बसतो. असं शोधून पक्षी सापडत नाही, मान तेवढी धरते. आधी झूम पूर्ण मागे घ्या, पक्षी मधोमध आणा, त्याच्याजवळची एखादी खूण धरा (वाळकी फांदी, पिवळं पान) आणि मगच झूम करत आत जा. वाटेत पक्षी हरवला तर लेन्सच्या बाजूला एक बटण असतं. ते दाबून धरलं की झूम तात्पुरतं मागे येतं आणि सोडलं की परत जागेवर जातं. निकॉन-कॅननच्या या कॅमेऱ्यांत ही सोय आहे. या बटणावर बोट न बघता गेलं पाहिजे.

सापडला, आता फोकस. बारक्या सेन्सरचे हे कॅमेरे कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक) बघून फोकस लावतात, आणि पक्ष्यापेक्षा मागच्या काटक्यांत कॉन्ट्रास्ट पुष्कळ. लेन्स एकदा पुढे जाते, एकदा मागे येते, आणि अखेर काटक्यांवर ठाम बसते. अशा वेळी फोकसचा चौकोन सगळ्यात लहान करावा. तरी ऐकत नसेल तर पक्ष्याइतक्याच अंतरावरच्या खोडावर फोकस लावून घ्यावा आणि मग चौकोन पक्ष्यावर आणावा. त्यातून पक्षी स्वतःहून जवळ आला तर विचारूच नका. पूर्ण झूमला पी९०० ला किमान पाच मीटर अंतर लागतं, पी१००० ला सात. शिंजीर गॅलरीतल्या कुंडीवर येऊन बसला की पन्नास मीटरवरच्या बगळ्यासाठी घेतलेला कॅमेरा चक्क नकार देतो. झूम कमी करा, नाहीतर हळूच मागे सरका, स्वयंपाकघरापर्यंत.

आता एवढं बोलून झाल्यावर कौतुकही केलं पाहिजे. चिखलात चरणारा तुतवार घ्या. हिरवा की ठिपकेवाला, यावर दोन जाणती माणसं अर्धा तास भांडू शकतात. डोळ्यावरची पांढरी रेघ डोळ्यापाशी थांबली तर हिरवा, मागेपर्यंत गेली तर ठिपकेवाला. ही रेघ सुपरझूममध्ये चाळीस-पन्नास मीटरवरूनही दिसते, भांडण मिटतं आणि नोंद पक्की होते. ओळखीपुरता फोटो, आमच्या भाषेत रेकॉर्ड शॉट, हे या यंत्राचं खरं काम. एसएक्स७० चं वजन ६१० ग्रॅम. शेजारी दोन किलोची १५०-६०० लेन्स आणि वर बॉडी गळ्यात अडकवून उभा असलेला माणूस चहाचा कप कुठे ठेवावा या विवंचनेत असतो.

फक्त वेळ सांभाळा. भिगवणला नाव सुटायला उशीर झाला, दहा वाजून गेले, की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि दूरचे रोहित पक्षी गुलाबी धुरासारखे येतात. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. लाखोंची लेन्सही तेवढाच धूर काढते, हे बघून जरा बरं वाटतं. झूम वाढवल्याने मधली हवा कमी होत नाही, अंतर कमी केल्याने होते.

विकत घेताना स्वतःचं कार्ड न्या आणि कॅमेरा घेऊन दुकानाच्या बाहेर या. डिजिटल झूम मेनूतून बंद करा. ते फक्त चित्र ताणतं. मग समोरच्या तारेवरचा कावळा टिपा. काळ्यावर काळी पिसं वेगळी दिसतात का, हीच परीक्षा. बगळा मिळाला तर एक्स्पोजर उणे ०.७ करून घ्या, नाहीतर पांढरा ठिपका येईल. निकाल मागच्या तीन इंची स्क्रीनवर लावू नका, तिथे सगळेच फोटो चांगले दिसतात. घरी कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करून बघा. पी९०० मध्ये रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) मिळत नाही, पी९५०, पी१००० आणि एसएक्स७० मध्ये मिळते. कॅमेरा आपल्या मनाने पिसं घासून गुळगुळीत करतो, ते टाळायला रॉ लागते. आणि एक जादा बॅटरी घ्याच. पी१००० ची अधिकृत मजल अडीचशे फोटोंची आहे, आणि झूम मागेपुढे करण्यातच तिचा बराच जीव जातो.

राहता राहिले उडते पक्षी. पी९०० आणि पी१००० सेकंदाला सात फोटो काढतात, पण सातच. मग कार्डावर लिहीत बसतात, आणि पक्ष्याला झेप घ्यायची बुद्धी नेमकी त्याच वेळी होते. तरीही हौस असेल तर झूम ५००-६०० मिलिमीटरवर आणा, शटर १/२००० ठेवा आणि घारीपासून सुरुवात करा. ती सावकाश गोल फिरते, आकाश मोकळं असल्याने फोकसला काटक्या सापडत नाहीत, आणि हुकली तरी बहुधा पुढच्या फेरीला परत येते. पाकोळीच्या नादी लागू नये.