पाकणीचा टँकर, कार्ल्सरूहचा पंप

सोलापुरात गाडीवाल्यांचे दोन पक्ष पूर्वीपासून आहेत. एक म्हणतो, अमुक कंपनीच्याच पंपावर टाकी फुल करा, अ‍ॅव्हरेज वाढतं. दुसरा म्हणतो, कंपनीचं नाव सोडा, पंपाचा मालक कोण ते बघा. आता तिसरा पक्ष आलाय आणि त्याचा आवाज सगळ्यांत मोठा आहे: पेट्रोलचं वाटोळं इथेनॉलनं केलं. आमच्या घरच्या ग्रुपवर हे तिन्ही पक्ष हजर असतात. मामांची कार २०१२ सालची. १८ देणारी गाडी १६ वर आली, असं ते सांगतात. भाचा त्यांना महागातलं पेट्रोल भरायला सांगतो. मामांचा मोहोळ तालुक्यात ऊस आहे, त्यामुळं इथेनॉलला शिव्या घालायचीही त्यांना चोरी.

मी राहतो जर्मनीत, कार्ल्सरूहला. गावाजवळच मोठी रिफायनरी आहे आणि अनेक तेल कंपन्यांची त्यात भागीदारी आहे. वेगवेगळ्या नावांच्या पंपांचे टँकर तिथंच भरतात. सोलापूरकरांना हे दृश्य नवं नाही. पुणे रस्त्यावर पाकणीला सरकारी तेल कंपन्यांचे डेपो आहेत, टँकर तिथून सुटतात आणि शहरात वेगवेगळ्या रंगांच्या छताखाली जाऊन उभे राहतात. मूळ पेट्रोल एकाच सरकारी मानकाचं असतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आली, तीही सगळ्याच कंपन्यांना सारखी. फरक पडतो तो वरून मिसळलेल्या अ‍ॅडिटिव्हचा, म्हणजे इंजिन आतून स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचा.

या रसायनांना मी कमी लेखत नाही. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संस्थेनं २०१६ मध्ये तपासणी केली. चांगल्या अ‍ॅडिटिव्हच्या पेट्रोलच्या तुलनेत जेमतेम नियमापुरतं अ‍ॅडिटिव्ह असलेल्या पेट्रोलनं इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे इंजिनात हवा आत सोडणाऱ्या झडपेवर, सरासरी १९ पट कार्बन साचवला होता. पण हा परिणाम हजारो किलोमीटरनंतर दिसतो. आज पंप बदलला आणि उद्या अ‍ॅव्हरेज दोननं वाढलं, असं होत नाही. ऑक्टेनचंही तसंच. ऑक्टेन म्हणजे इंजिनात नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी खडखड, होऊ न देण्याची पेट्रोलची क्षमता. त्यानं जास्त ऊर्जा मिळत नाही. ज्या गाडीच्या पुस्तिकेत जास्त ऑक्टेन मागितलेलं नाही, तिला ते पाजून उपयोग नाही. शिवाय २० टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ झालंय, असं पेट्रोलियम मंत्रालयच सांगतं. मग ९५च्या पाटीसाठी लिटरमागं जादा पैसे मोजणारा माझा भाचा पैसे देतो ते अ‍ॅडिटिव्हचे.

पंपाच्या मालकावरचा संशय मात्र उगाच आलेला नाही. रेशनचं निळं रॉकेल कुठं मुरत होतं, हे आपल्या पिढीनं पाहिलंय. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलातली भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. जर्मनीत पंपावर उभा असताना भेसळीचा विचार माझ्या मनात येत नाही, सोलापुरात येतो, आणि तो यावा असाच आपला इतिहास आहे.

म्हणूनच हातातले हक्क लोक वापरत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. मागच्या सुट्टीत होटगी रोडच्या एका पंपावर मी पाच लिटरचं माप मागितलं. पोरगा आधी मॅनेजरच्या तोंडाकडं बघत राहिला. मग केबिनमधून माप आणलं, लांब मानेचं, वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं. पेट्रोल बरोबर खुणेपाशी आलं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतची चूक चालते, तेवढीही नव्हती. मग फिल्टर पेपर मागितला, नोझलचा एक थेंब टाकला. तो उडून गेला, भेसळीची खूण असणारा डाग राहिला नाही. रोजची घनताही तिथं लिहून ठेवलेली असते. हे सगळं फुकट आहे, कुणीही मागू शकतो. मागं उभ्या असलेल्या रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "हे आम्हाला पण दाखवतेत का?" दाखवायलाच लागतं, काका.

आता इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळं २० टक्के मिसळलं की अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट लिहिली आहे. पण मामांची गाडी आधीही शुद्ध पेट्रोलवर नव्हती. देशात १० टक्के मिश्रण २०२२ मध्येच झालं होतं. म्हणजे १० वरून २० वर जाताना १८चे साधारण साडेसतरा व्हायला हवेत. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटरला अर्धा लिटर जास्त. त्याखालची १६ पर्यंतची घसरण टायरची हवा, एअर फिल्टर, एसी आणि विजापूर रोडचं ट्रॅफिक यांत शोधावी लागेल.

पण तो अर्धा लिटर कुणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न उरतोच. जर्मनीतही २०११ मध्ये ई-१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल, आलं तेव्हा असाच गहजब झाला. नव्वद टक्क्यांहून जास्त गाड्यांना ते चालणार होतं, तरी लोकांनी पाठ फिरवली. पण तिथं ई-१० विकणाऱ्या पंपानं शेजारी ५ टक्क्यांपर्यंतचं ई-५ ठेवायचं, असा नियम झाला. जुन्या गाडीवाल्याला पर्याय राहिला. ई-१० काही सेंट स्वस्त मिळतं, आकडा नोझलवर गोल चिन्हात छापलेला असतो आणि कोणत्या गाडीला काय चालतं याची यादी मिळते. आजही बहुतेक लोक ई-५च भरतात. मी ई-१० भरतो, कारण फरक माझ्या खिशात राहतो.

आपल्याकडं हे कुणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. त्याच नीती आयोगाच्या अहवालात जुन्या गाड्यांसाठी ई-१० मिळत राहावं आणि जास्त इथेनॉलचं पेट्रोल स्वस्त असावं, अशा दोन्ही शिफारशी आहेत. उत्पादकांना दिलेला शब्द पाळला, २० टक्क्यांचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं. ग्राहकांसाठीच्या दोन ओळी तेवढ्या कागदावर राहिल्या. सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ला पर्यायाची मागणी करणारी याचिका फेटाळली, म्हणून मागणी चुकीची ठरत नाही. स्वस्त का नाही, याचं उत्तर सरकारकडं आहे: जुलै २०२५ अखेर इथेनॉल सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटरनं घेतलं जात होतं, म्हणजे कर लागण्याआधीच्या पेट्रोलपेक्षा महाग. उत्तर खरं आहे. पण पंपावरच्या भावात केंद्राचा आणि राज्याचा कर केवढा असतो, हेही खरं आहे, आणि त्यातले दोन-तीन रुपये सोडता येतात.

उसाच्या पैशावर आमचा अर्धा जिल्हा उभा आहे, उजनीचं पाणी त्यासाठी आम्ही ओततो. इथेनॉल बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. मामांना एवढंच सांगितलंय की रबरी पाइप आणि गॅस्केट मेकॅनिककडून बघून घ्या. जुन्या काही गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर ते बदलावे लागू शकतात, असं मंत्रालयानंच म्हटलंय. आणि पालकमंत्री पुढच्या वेळी कारखान्याच्या कार्यक्रमाला येतील तेव्हा उसाच्या दराबरोबर ई-१०च्या पंपाचंही विचारा.