आधी कारंजं बघा, मग कॉलेज

पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा निकाल लागला, सीईटीचा रँक आला आणि पोरीला कम्प्युटर सायन्सच पाहिजे? अभिनंदन. कॉलेज कसं निवडायचं ते आता माझ्याकडून शिका. यंदा पुतणीच्या ॲडमिशनपायी खानापूर-बेळगाव इतक्या फेऱ्या झाल्यात, की कंडक्टरच विचारतो, "काय ओ काका, मिळाले काय कॉलेजातनं कागद?"

गेटातून आत शिरल्या शिरल्या कारंजं बघा. ते उडत असलं की निम्मं काम झालं. मग एसी सेमिनार हॉल, मग कँटीन. लॅब दाखवा म्हणून हट्ट धरू नका. आम्ही धरला. किल्लीवाला म्हणे लग्नाला गेलेला. काचेला नाक लावून बघितलं, तर मॉनिटरवर प्लास्टिकची कव्हरं जशीच्या तशी आणि कोपऱ्यातल्या टेबलावर गणपतीच्या मखराचा थर्माकोल.

विद्यापीठ कुठलं, हे तर विचारूच नका. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून आहे, मुख्यालय इथंच, बेळगावजवळ मच्छेला, आणि राज्यातली बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं त्यालाच जोडलेली. कॉलेज स्वायत्त नसेल तर अभ्यासक्रम तोच, पेपर तोच, पदवीवरचं नावही तेच. उरला फरक तो शिकवणाऱ्याचा. म्हणून शिकवणारे सोडून बाकी सगळ्याची चौकशी करायची. होर्डिंगवरचं पॅकेज वाचा. ते एकाच पोराला मिळालेलं असतं आणि तीन वर्षं फोटोही त्याचाच असतो. बिचारा फोटोत अजून नोकरीला लागतोच आहे.

ब्रँचचं नाव जितकं लांब तितकी ती चांगली.

जागा भरपूर असल्या तर फारच उत्तम. २०२४-२५ पासून एका ब्रँचच्या जागांवरची वरची मर्यादा एआयसीटीईने, म्हणजे देशाच्या तांत्रिक शिक्षण परिषदेने उठवलीय. वीस पोरांमागे एक शिक्षक हा हिशोब कागदावर तसाच आहे, पण तो शिक्षक नेमका कुठल्या वर्गात असतो असं विचारून कुणाला अवघडवू नका. नॅक आणि एनबीए ह्या दर्जा तपासणाऱ्या संस्था. नॅकची ग्रेड अख्ख्या कॉलेजला मिळून एक असते आणि एनबीएची मान्यता मिळते एकेका कोर्सला. तेव्हा "कम्प्युटरला एनबीए आहे काय?" असलं आगाऊ काही बोलायचं नाही.

कोल्हापूर-पुण्याचं नाव काढू नका. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशात वेगळी सोय आहे. त्यांची सीईटी द्यावी लागते, आणि सीमाभागातला रहिवासी असल्याचा व मातृभाषा मराठी असल्याचा असे दोन दाखले लागतात. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवादिवशी, निषेधाची काळी पट्टी बांधणाऱ्या घरात हे दाखले कुठं मिळतात ते कुणालाच ठाऊक नसलं, तरच आपण खरे सीमावासी.

आणि सगळ्यात मोलाचं. "सीटा संपत आल्यात ओ" असा फोन आला, की मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरून मोकळे व्हा आणि मार्क्सकार्ड, टीसी, सगळे ओरिजिनल त्यांच्या हातात द्या. आम्ही दिले. पुढं दुसऱ्या फेरीत पुतणीला सरकारी कोट्यातून बरी सीट लागली. कागद मागायला गेलो. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली नाही. (ती बहुतेक लॅबच्या किल्लीबरोबर लग्नालाच गेली असणार.) तिसऱ्या दिवशी क्लार्क अवलक्कीचा (पोह्यांचा) घास चावत म्हणतो, "चारी वर्षांची फी भरा आणि न्या की." समोर पांढऱ्या दोरीनं बांधलेली फाइल, वर माझ्या पुतणीचं नाव, आणि त्या फाइलवर ह्याची चहाची बशी! तिकडं नव्या कॉलेजात रिपोर्टिंगला दोन दिवस राहिलेले, पोरगी बाहेर बाकड्यावर रडूलेली. मुदतीत सीट सोडली तर हजारावर कापायचं नाही, ओरिजिनल अडकवून ठेवायचे नाहीत, हा एआयसीटीईचा नियम मी छापून नेला होता. त्यानं तो वाचला, घडी घातली आणि हात पुसला. कागद मिळाले शेवटच्या दिवशी, दुपारी चारला. पंधरा हजार कापून. पावती? नाही.

तो क्लार्क राहू दे, तो पगारी माणूस. राग मला आपलाच येतो. बाजारात भेंडीचं शेपूट मोडून बघितल्याशिवाय पाव किलो घेत नाही आपण, आणि इथं शेत गहाण टाकून लाखांनी पैसे मोजताना "लॅब उघडा" म्हणायला जीभ उचलत नाही. मास्तर किती, कायमचे किती, मागच्या वर्षी किती जणांना नोकरी लागली, यादी दाखवा, एवढं विचारायला काय डिग्री लागते? कोण शेजारी म्हणाला, कोण भावोजी म्हणाले, भरले पैसे. त्या दिवशी माझ्यामागं रांगेत सात-आठ बाप उभे होते, सगळ्यांच्या पोरांचे कागद त्याच कपाटात. मी आवाज चढवला तर त्यातलाच एकजण माझा हात धरून सांगतो, "जाऊ दे ओ, कशाला वाद. उगीच पोरांना त्रास देतील."

अजून काय त्रास द्यायचा राहिलाय, सांगा की!