कंपन्या तीन, भाव एकच

मोबाइलच्या बाजारात स्पर्धा आहे, असं मला आता कोणी सांगू नये. डोकं फिरतं.

२०२४ चा जून आठवा. २७ तारखेला जिओनं दरवाढ जाहीर केली. २८ ला एअरटेलनं आणि व्होडाफोन आयडियानं. ३ जुलैला जिओ-एअरटेलचे नवे दर लागू, ४ जुलैला व्होडाफोन आयडियाचे. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ चा २९९ झाला. तिघांनी खोलीत बसून ठरवलं असं मी म्हणत नाही. ठरवायची गरजच काय? गिऱ्हाईक जाऊन जाऊन जाणार कुठं, हे तिघांनाही माहीत आहे. एकानं भाव वाढवला की दुसऱ्यानं कमी ठेवायचं कारणच उरत नाही.

लोक म्हणतात, भारतात डेटा जगात सगळ्यात स्वस्तांपैकी आहे. असेल ना! जीबीच्या हिशेबानं असेल. पण आमच्याकडे भांडी-पोळ्यांना येणाऱ्या मावशींना जीबी काय करायचा आहे? त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. मुलगी सासरी, तिचा फोन यावा. चार घरची कामं, त्या बायांचे फोन यावेत. सिलिंडर आला की कोड यावा. बस. म्हणजे त्यांना घ्यायचे आहेत ते बहुतेक येणारेच फोन. आणि नेमके तेच बंद पडले. मुदत संपली, आधी आउटगोइंग गेलं, काही दिवसांनी इनकमिंगही. सिलिंडरवाला दारात उभा आणि कोड येईना. तो काय थांबतो? गेला परत.

मी त्यांना घेऊन नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या रिचार्जच्या दुकानात गेलो. दुकानदारानं स्क्रीन फिरवून दाखवली. दोनशेच्या खाली धड काही नाही, तेही २८ दिवसांचं. मावशी म्हणाल्या, "भाऊ, नेट नको मले, फक्त बोलायचं पाह्यजे. काऊन नाही भेटत?" दुकानदार म्हणाला, "भेटते नं मावशी, पण चौऱ्याऐंशी दिवसाचं घ्या लागते. साडेचारशेच्या वर जाते." त्यांनी पदराची गाठ सोडली, नोटा मोजल्या आणि परत बांधली. महिनाअखेर होती. साडेचारशे एकदम आणायचे कुठून?

२०१८ च्या शेवटापर्यंत हे असं नव्हतं. लाइफटाइम सिम होती, दहा रुपये टाकले तरी चालायचं, काही महिने काही नाही टाकलं तरी फोन येत राहायचे. मग ३५ रुपयांचं किमान रिचार्ज आलं. तेव्हा केवढी बोंब झाली होती! आज तोच दरवाजा दोनशेच्या घरात गेला आहे. आणि २८ दिवसांचा हिशेब धरला तर वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज लागतात. त्यातच १८ टक्के जीएसटी. घरात चार फोन असले तर गुणाकार तुम्हीच करा.

आपण मोबाइल सेवेच्या महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, म्हणजे विभागात येतो. २००९ च्या सुमारास इथं रस्त्याच्या कडेला छत्री लावून फुकट सिम वाटत होते. टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा काढला आणि बाकीच्यांना झक मारत तेच करावं लागलं. स्पर्धा म्हणतात ती याला. मग २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं १२२ परवाने रद्द केले, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स बुडाले, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल धंदा एअरटेलनं घेतला, व्होडाफोन-आयडिया एक झाले. २०१९ च्या एजीआर निकालानं, म्हणजे महसुलावर सरकारला द्यायच्या शुल्काच्या निकालानं, एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचंही कंबरडं मोडलं. जिओ आलं तेव्हा आपण सगळेच खूश होतो, फुकट होतं ना. त्या फुकटाची वसुली आता चालू आहे.

"पोर्ट कर", म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदल, म्हणणारे मला भेटतातच. अरे, कुठं करू? पलीकडेही तोच भाव. आणि पोर्ट करायचा एसएमएससुद्धा छोट्या पॅकवाल्यांना करता येत नव्हता, त्यासाठी २०२१ च्या डिसेंबरमध्ये ट्रायला, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाला, वेगळा आदेश काढावा लागला! सरकारची बीएसएनएल स्वस्त आहे, मान्य. पण तिला देशभर ४जी द्यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. बाकीचे तोवर ५जी विकत होते. सरकारी कंपनी वेळेत उभी केली असती तर या तिघांना भाव वाढवताना चारदा विचार करावा लागला असता. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

आणि ट्राय? दर ठरवायचं काम कंपन्यांवर सोडलेलं आहे. बाजारात दहा-बारा कंपन्या होत्या तेव्हा ते चालून गेलं. खासगी तीनच उरल्यावर तेच धोरण कसं चालेल? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक काढायला सांगितलं, चांगलं केलं. पण पॅक किमान किती दिवसांचा असावा, किती रुपयांत असावा, हे कंपन्यांवरच सोडलं. त्यांनी लांब मुदतीचे, एकदम पैसे मागणारे पॅक काढले आणि नियम पाळला म्हणून मोकळे झाले. ज्या बाईसाठी नियम केला, ती दुकानातून तशीच परत आली.

फक्त बोलण्याचा तीस दिवसांचा पॅक, मजुरीच्या हातात परवडेल असा, प्रत्येक कंपनीला बंधनकारक करा. रिचार्ज संपलं तरी इनकमिंग आणि ओटीपी सुरू राहिलेच पाहिजेत. गॅस, बँक, रेशन, सगळं त्या नंबराला तुम्हीच बांधलंय ना? मग तो नंबर दोनशे रुपयांसाठी तोडायचा हक्क कंपनीला दिला कोणी?