म्हणे, कामाने कोणी मरत नाही!

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. रजा मागणारे मागे का राहतात, खाली पाच मुद्दे आणि शेवटी हात जोडलेले. असले मेसेज मी न वाचताच उडवते, पण हा माझ्या धाकट्या भावाने पाठवला, त्याच्या टीमच्या ग्रुपवर साहेबांनी टाकलेला, आणि खाली ह्याची पुस्ती, "ताई, पटतंय गं थोडं." मागच्या आठवड्यात हाच माणूस अंगात ताप असताना पांघरुणात लॅपटॉप घेऊन कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसला होता, खोकला आला की म्यूट. म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

पहिला मुद्दा, भरपगारी रजा म्हणजे फुकटचा पगार, कंपनीचे उपकार. अहो, अकाउंट्सवाल्याला विचारा की. साठत जाणारी रजा कंपनीच्या ताळेबंदात देणं म्हणून धरतात, सप्लायरचं थकलेलं बिल धरतात तशी. उपकार कोणी देण्यात मांडतं का?

दुसरा, वेळेची सवलत दिली की माणसं झोपा काढतात. ट्रिप डॉट कॉम ह्या प्रवासाची बुकिंगं करणाऱ्या चिनी कंपनीने आपल्या १,६१२ जणांवर करून बघितलं, निम्म्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम, बाकीच्यांना पाचही दिवस ऑफिस. २०२४ साली 'नेचर' ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलंय. रिव्ह्यूत फरक नाही, प्रमोशनमध्ये फरक नाही, नोकरी सोडून जाणारे मात्र एक तृतीयांशाने घटले. हे घरून कामाचं आहे, टाइमिंगचं नाही, मान्य, पण भीती तीच ना, डोळ्यासमोर नसला की करत नाही.

तिसरा वाचून माझं डोकंच फिरलं. "कामाने कोणी मरत नाही, काळजीने मरतो, आठवड्याला ७० तास घाला." मरतात हो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून हिशोब केला, २०२१ मध्ये तो आला. २०१६ ह्या एका वर्षात जास्त तासांच्या कामापायी पक्षाघात आणि हृदयविकाराने अंदाजे ७ लाख ४५ हजार माणसं गेली. जास्त तास म्हणजे किती, तर आठवड्याला ५५ किंवा त्याच्या वर. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ह्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त, हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त. आणि हे ७० सांगतायत! त्यात बहुतेक मृत्यू साठी ते ऐंशीच्या दरम्यानचे, म्हणजे तास घातले आधी आणि बिल आलं नंतर, कित्येकदा रिटायर झाल्यावर, त्यामुळे साहेबांना ऑफिसात कोणी मेलेलं दिसत नाही हे मात्र खरं. बरं, एवढं करून काम तरी जास्त होतं का? पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी तपासल्या, तर ७० तासांत निघालेला माल ५६ तासांपेक्षा जेमतेमच जास्त.

चौथा मुद्दा म्हणजे नुसती शेखी, "मी १५ वर्षांत एक रजा घेतली नाही." ऑडिटरला सांगून बघा, कौतुक करायचं सोडून तुमच्या फायली मागवेल. बऱ्याच बँकांत नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सक्तीने सलग रजेवर पाठवतात, लॉगिनसकट बंद, कारण घोटाळा दाबून ठेवायला रोज हजर राहावं लागतं, खुर्चीत दुसरा बसला की सगळं बाहेर येतं. आणि घोटाळा नसला तरी, तुम्ही आठ दिवस नसल्याने डिपार्टमेंट बसत असेल तर ती कसली कर्तबगारी, कोणाला काही शिकवलंच नाहीत तुम्ही.

पाचवा, फ्लेक्सिबल टाइमिंग सगळ्यांना जमत नाही. हो बाबा, नाही जमत. आयसीयूतली नर्स दुपारी येते म्हणू शकत नाही. त्याच ट्रिप डॉट कॉमच्या आधीच्या, कॉल सेंटरवरच्या प्रयोगात घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं तरी त्या मानाने प्रमोशन कमी मिळाली, आणि एकटं वाटतं म्हणून बऱ्याच जणांनी ऑफिस परत मागितलं. पण यातून रजा मागू नका कुठून निघालं? त्या नर्सला तर रजा आधी हवी, आणि ड्युटीचा चार्ट आदल्या रात्री बदलणार नाही एवढी तरी खात्री.

भावाचा अर्ज अजून ड्राफ्टमध्येच आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहू विचारतोय, तीनदा लिहून खोडलं म्हणे. अरे, 'वैयक्तिक' लिही आणि सबमिट दाब.